घर स्वस्त का आहे, ते आधी विचारा: नेदरलँड्समध्ये परवडणाऱ्या वस्तीत घर कसं घ्यावं

अ‍ॅमस्टरडॅमला नोकरी, भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षं झालेली, आणि भाडं भरताना दर महिन्याला मनात येणारं एकच वाक्य: एवढ्यात घराचा हप्ता बसला असता. इथल्या बहुतेक मराठी घरांत हे बोलणं होतं. मग रात्री जेवणं झाल्यावर फुंडा उघडलं जातं. विकाऊ घरांसाठी सगळे डच लोक हेच संकेतस्थळ बघतात. शहरातले भाव बघितले की माणूस नकाशावर हळूहळू बाहेर सरकायला लागतो. अल्मेर, लेलिस्टाट, झूटरमेर, रॉटरडॅमचा दक्षिण भाग, हेगचा नैर्ऋत्य भाग, आइंडहोवनवाल्यांसाठी हेलमंड. आम्हीही असेच सरकत अल्मेरला पोचलो आणि १९८०च्या दशकात बांधलेलं एक रो-हाऊस घेतलं. त्यानंतर बऱ्याच मित्रमंडळींसोबत घरं बघत फिरलो. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: भाव कमी का, ते शोधा

कमी भावाला कारण असतंच. काही कारणांसोबत आपण आनंदाने राहू शकतो. काही कारणं मात्र पुढची वीस वर्षं खिशाला लागून राहतात. कुठलं कारण कुठल्या प्रकारचं, हे ओळखणं हेच खरं काम. बाकीचं सगळं कागदपत्रांचं.

अल्मेरचंच घ्या. ही सगळी जमीन समुद्रतळ होती. दक्षिण फ्लेव्होलँडमधलं पाणी उपसून १९६८मध्ये ती कोरडी झाली आणि १९७६मध्ये अल्मेर हावेनला पहिले रहिवासी आले. मुंबईला नवी मुंबई, तसं अ‍ॅमस्टरडॅमला अल्मेर: पाण्यापलीकडे आखून वसवलेलं गाव. भाव कमी, कारण कालव्याकाठची जुनी घरं नाहीत, घरांची धाटणी साधी आहे आणि अंतर आहे. ही सगळी पहिल्या प्रकारची कारणं. रोजची ट्रेन चालणार असेल तर खुशाल स्वीकारा. शिवाय घरं अलीकडची असल्यामुळे पायाची ती जुनी दुखणीही इथे नाहीत.

पायाचं दुखणं म्हणजे काय, ते सांगायलाच हवं, कारण ते दुसऱ्या प्रकारचं आहे. रॉटरडॅम, गौडा, झानस्टाड, अ‍ॅमस्टरडॅम इथली बरीच जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तोवर शंभर वर्षंही टिकतं. भूजलाची पातळी खाली गेली की वरचं टोक उघडं पडतं, हवा लागते आणि ते कुजायला लागतं. दुरुस्तीचा खर्च एका घरामागे लाखभर युरोपर्यंत जाऊ शकतो. १९७०च्या आधीचं घर अशा गावात आजूबाजूपेक्षा स्वस्त दिसलं, तर पायाच्या तपासणीचा अहवाल मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्लॅट घेत असाल तर आपल्याकडच्या सोसायटीसारखी इथे व्ही.व्ही.ई. असते. तिचा मेंटेनन्स दर महिन्याला जातो आणि तो कमी असला की लोक खूश होतात. मी उलटं सांगेन. चाळीस-पन्नास वर्षं जुनी इमारत, लिफ्ट आहे, छत गळायला आलंय आणि महिन्याची वर्गणी नाममात्र, याचा अर्थ सिंकिंग फंड रिकामा आहे. उद्या छप्पर काढलं की प्रत्येक घरामागे मोठी रक्कम मागितली जाईल. सभांची इतिवृत्तं, ताळेबंद आणि अनेक वर्षांचा दुरुस्ती आराखडा हे तीन कागद मागा. ते देण्यात टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

तिसरी गोष्ट एर्फपाख्त. म्हणजे घर तुमचं, जमीन भाडेपट्ट्याची. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर फ्लॅट घेतलेल्यांना हे नवीन नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हा प्रकार फार आहे. पट्टा कधी संपतो, भाडं आगाऊ भरलंय की दरवर्षी द्यायचंय आणि नूतनीकरणानंतर ते किती होईल, हे लेखी घ्या.

वस्तीची बदनामी हे कारण मात्र स्वतः तपासा. लेफबारोमीटर नावाच्या सरकारी नकाशावर प्रत्येक गल्लीतलं राहणीमान रंगांनी दाखवलेलं आहे. पोलिसांच्या संकेतस्थळावर वस्तीनुसार गुन्ह्यांचे आकडे मिळतात. घराचं बांधकाम वर्ष आणि क्षेत्रफळ सरकारी बी.ए.जी. नकाशावर आणि नगरपालिकेने ठरवलेलं मूल्य वोझ संकेतस्थळावर, दोन्ही फुकट बघता येतं. पण नकाशावर थांबू नका. शुक्रवारी रात्री दहाला त्या गल्लीतून चाला, मंगळवारी सकाळी शाळेच्या वेळी चाला, पावसात एकदा चाला. खिडक्यांतले पडदे, दारासमोरची बाग, कचऱ्याच्या भूमिगत टाकीशेजारी पडलेल्या पिशव्या. लोकांचं आपल्या गल्लीवर प्रेम आहे की नाही, ते तिथे दिसतं.

दुसरी पायरी: बँक काय देत नाही, त्याचा हिशेब

इथे घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज मिळतं, हे ऐकून आपले लोक हुरळून जातात. नीट ऐका: कर्ज मूल्यांकनाच्या शंभर टक्क्यांपर्यंत मिळतं, तुम्ही लावलेल्या बोलीच्या नव्हे. शिवाय जाहिरातीत किमतीपुढे के. के. ही अक्षरं असतात. म्हणजे कोस्टन कोपर, खरेदीचा वरखर्च घेणाऱ्याचा.

एक उदाहरण. तुमची बोली ३,८५,००० युरो, मूल्यांकन आलं ३,७५,०००. मधले १०,००० तुमचे. हस्तांतरण कर २ टक्के, म्हणजे ७,७००. नोटारिस, म्हणजे दस्त करणारा डच नोटरी, साधारण २,०००, कर्ज सल्लागार ३,०००, मूल्यांकन आणि घराची तांत्रिक तपासणी मिळून १,३००, एन.एच.जी. या राष्ट्रीय गृहकर्ज हमीचे कर्जाच्या ०.४ टक्के म्हणजे १,५००, आणि आपल्या बाजूचा मेकलार, म्हणजे एजंट, घेतला तर ३,५००. बेरीज २९,०००. एवढी रोकड स्वतःची लागते. त्यानंतर रंग, फरशी, पडदे.

यात दोन सवलती नीट समजून घ्या. वय १८ ते ३५च्या आत असेल, स्वतः राहणार असाल आणि ही सवलत पूर्वी वापरली नसेल, तर हस्तांतरण कर माफ होतो. २०२५मध्ये त्यासाठी घराच्या मूल्याची मर्यादा ५,२५,००० युरो होती. वय मोजलं जातं ते नोटारिसकडे दस्त होण्याच्या दिवशीचं. पस्तिसावा वाढदिवस जवळ असेल, तर दस्ताची तारीख त्याच्या आधीची ठरवा. नवराबायकोचा हिशेब वेगवेगळा होतो. तो छत्तीसचा, ती तेहतीसची असेल, तर तिच्या अर्ध्या हिश्शावर माफी मिळते. पुण्यात आपल्या नावावर फ्लॅट आहे म्हणून ही सवलत जात नाही.

दुसरी एन.एच.जी. कमी व्याजदर मिळतो आणि नोकरी गेली, घटस्फोट झाला, जोडीदार गेला अशा वेळी घर तोट्यात विकावं लागलं, तर उरलेलं कर्ज अटींनुसार भरलं जातं. २०२५मध्ये याची मर्यादा ४,५०,००० युरो होती. दोन्ही आकडे जानेवारीत बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचे बघा. परवडणाऱ्या वस्तीत घर घेण्याचा हा खरा फायदा आहे: घर या मर्यादेत बसतं.

बोली लावण्याआधी सल्लागाराकडे बसा आणि सगळं खरं सांगा. हप्त्यावर घेतलेला मोबाइल, प्रायव्हेट लीजवरची गाडी, भारतातल्या फ्लॅटचं कर्ज, सगळं. नोकरीचा करार तात्पुरता असेल, तर पुढे कायम करण्याचा इरादा कंपनीकडून लेखी आणा. आईबाबा भारतातून पैसे पाठवणार असतील, तर ते आधीच मागवून ठेवा. बँक आणि नोटारिस दोघेही पैसे कुठून आले याचा पुरावा मागतात, आणि तो गोळा करण्यात आठवडे जातात.

तिसरी पायरी: घर बघणं

भेटीला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यात किचनचा रंग बघण्यात वेळ घालवू नका, तो बदलता येतो. टॉर्च घेऊन जा.

आम्ही बघितलेलं दुसरं घर फार आवडलं होतं. पांढरं किचन, दक्षिणेकडे बाग. निघताना दारातलं पायपुसणं उचललं. त्याखाली एक लाकडी झाकण असतं, त्याखाली घराच्या तळाची पोकळी. झाकण वर केलं तसा ओल्या वाळूचा थंड वास अंगावर आला. टॉर्चच्या उजेडात वीतभर पाणी चमकत होतं. विकणाऱ्याचा मेकलार म्हणाला, हिवाळ्यात असतं. बाहेर शेजारच्या आजी कुंडीला पाणी घालत होत्या. त्यांना मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या रांगेत बारा महिने असतं. आम्ही बोली लावली नाही. त्या आजींचे आभार मी अजून मनात मानतो, आणि तेव्हापासून प्रत्येक घराच्या शेजाऱ्यांशी बोलतो.

दोन काचांच्या मधल्या धातूच्या पट्टीकडे जवळून बघा. तिथे बहुतेकदा बारीक अक्षरांत काचेचं वर्ष छापलेलं असतं. बॉयलरवरच्या स्टिकरवर शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख असते. लाकडी चौकटींना खालच्या कोपऱ्यात बोटाने दाबा, मऊ लागलं तर कुजलंय. घर १९९४च्या आधीचं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल थेट विचारा. बागेतल्या शेडचं पन्हाळी छप्पर ही त्याची नेहमीची जागा. एनर्जी लेबल, म्हणजे घराच्या ऊर्जाबचतीची श्रेणी, ए ते जी यांत कुठे आहे त्यावर नुसतं बिल ठरत नाही, २०२४पासून किती कर्ज मिळणार हेही ठरतं. अल्मेरच्या पुष्कळ वस्त्यांत गॅसऐवजी शहराची मध्यवर्ती उष्णता येते. तिथे पुरवठादार बदलता येत नाही, म्हणून मालकाकडे मागच्या वर्षाचं बिल मागा.

चौथी पायरी: बोली आणि करार

शेजारच्या घरांचे व्यवहार कितीला झाले, ते कडास्टर या सरकारी मालमत्ता नोंदणी कार्यालयाकडून थोडे पैसे भरून मिळतं. आपल्या इंडेक्स टूसारखंच. त्यावरून आपली कमाल रक्कम कागदावर लिहा आणि ती ओलांडू नका. मागितलेल्या किमतीपेक्षा वर बोली लागणं इथे नेहमीचंच, पण वरचे पैसे बँक देणार नाही हे लक्षात असू द्या. लोक घाईत दोन अटी सोडून देतात: कर्ज मिळालं नाही तर करार रद्द, आणि तपासणीत ठरावीक रकमेच्या वर दुरुस्ती निघाली तर करार रद्द. कर्जाची अट कधीही सोडू नका. जुन्या घरासाठी तपासणीचीही नाही. एक घर हातचं जाईल, दुसरं मिळेल.

तोंडी होकाराला इथे किंमत नाही. टोकन देण्याची पद्धतही नाही. दोघांच्या सह्या झाल्या, करार तुमच्या हाती पडला की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचार करायला मिळतात, आणि त्यांत किमान दोन कामाचे दिवस असावेच लागतात. या काळात कारण न देता माघार घेता येते. नंतर मात्र अटींबाहेर माघार घेतली तर १० टक्के दंड. तेवढीच अनामत किंवा बँक हमी करारानंतर काही आठवड्यांत द्यायची असते.

करारातलं वय-कलम वाचा. जुन्या घरात ते घातलं की वयामुळे असलेल्या दोषांची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. वस्तूंची यादीही वाचा. इथले लोक जाताना लॅमिनेटची फरशी, दिवे, पडद्यांच्या पट्ट्या उचलून नेतात. यादीत नसेल तर नेणारच. आणि भाड्याने द्यायचं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. अनेक नगरपालिकांत स्वस्त घरं पहिली चार वर्षं भाड्याने देता येत नाहीत, आणि कर्जदार बँकाही सहसा परवानगी देत नाहीत.

शेवटची पायरी: नोटारिस

कोर्टाबाहेर शिक्का मारणारा नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. डच नोटारिस दोन्ही बाजूंसाठी तटस्थ असतो. घरावर जुनं कर्ज किंवा जप्ती आहे का, हे तो तपासतो, पैसे त्याच्याच खात्यातून फिरतात आणि नोंदणीही तोच करतो. डच नीट येत नसेल तर दुभाष्या लागतो. तो आधी ठरवा, नाहीतर दस्ताची तारीख पुढे जाते. त्या दिवशी सकाळी घराची शेवटची फेरी असते. ती घाईत उरकू नका. नळ सोडा, फ्लश ओढा, हीटर चालू करा, मीटरचे आकडे मोबाइलवर टिपा. काही मोडलेलं दिसलं तर सहीच्या आधी लेखी नोंदवा, सहीनंतर भांडण लांबतं.

राहायला गेल्यावर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेला नवा पत्ता कळवायचा. दर वर्षाच्या सुरुवातीला वोझ मूल्याचं पत्र येईल. त्यावरून मालमत्ता कर ठरतो. आकडा शेजाऱ्यांपेक्षा उगाच चढा वाटला, तर पत्रावरच्या तारखेपासून सहा आठवड्यांत फुकट हरकत घेता येते.