गोव्याच्या पावसात ब्रह्मकमळ कसे फुलवावे

आपल्याकडे बलकांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, कुंडीत रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ हे हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे. हिमालयातले सूर्यफुलाच्या कुळातले, चार हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर वाढणारे, उत्तराखंडचे राज्यपुष्प. आपले झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम नावाचा निवडुंग, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. नावाच्या घोळाने झाडाचे काही बिघडत नाही. बिघडते ते निवडुंग म्हटले की आपण त्याला वाळवंटातला समजतो म्हणून. हा दमट जंगलात, फांद्यांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात रुजतो. त्याला सावली हवी, ओल हवी, पण मुळांशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही.

आधी झाड नीट ओळखा. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नसून चपटे झालेले खोड असते. कडेला लाटांसारख्या खाचा, काटे नाहीत, मध्ये जाड शीर. कळी या खाचेतूनच येते. ड्रॅगन फ्रूटचे फूलही पांढरे आणि रात्रीचेच, पण त्याचे खोड तिधारी आणि काटेरी असते. तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते हे झाडच नव्हे, बहुधा शेराच्या जातीतले काहीतरी आहे. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

लावण्यासाठी पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर उत्तम. शेजारणीकडून जून, जाडसर खोडाचा वीतभर तुकडा मागून घ्या. वरची बाजू कुठली ते लक्षात ठेवा, कारण उलटा लावला तर रुजत नाही. तो आठवडाभर सावलीत ठेवा, म्हणजे कापलेली जागा सुकते. मी पहिल्यांदा ताजाच तुकडा बागेतल्या मातीत, तोही भर जुलैत खोचला. बुंधा तपकिरी, लिबलिबीत झाला आणि आठ दिवसांत सगळा कुजला.

आता माती. एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग नारळाच्या सोडणांचे बारीक तुकडे, एक भाग चिऱ्याची किंवा विटेची खडी, वर मूठभर जुने शेणखत. समुद्राची वाळू घालू नका, तिच्यात मीठ असते. तुकडा दोन बोटे खोल लावून काठीला सैल बांधा. कुंडी आठ इंची पुरे; मुळे थोडी दाटीत असली तर झाड अधिक फुलते.

जागा पूर्वेकडची, कोवळे ऊन मिळेल अशी. दुपारच्या उन्हात खोड पिवळे पडते. जूनमध्ये कुंडी छपराच्या पागोळ्यांखालून हलवायला विसरू नका. पाऊस झेलते, पण धार सोसत नाही. हिवाळ्यात माती वरून सुकल्यावरच पाणी द्या. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. पावसात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा, नाहीतर कोवळ्या कळ्या उरत नाहीत.

फुलाला दोन-तीन वर्षे लागतात, एवढा धीर हवा. कळी दिसली की कुंडी जागची हलवू नका, कळ्या गळतात. सुरुवातीला कळी खाली लोंबते. काही दिवसांनी तिची लालसर मान इंग्रजी ‘यू’सारखी वळून टोक वर येते. टोक फुगून संध्याकाळी बाहेरच्या निमुळत्या पाकळ्या सुटायला लागल्या, की तीच रात्र. आठ-नऊला उमलायला लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण उघडते. पाकळ्या हलताना डोळ्यांना दिसतात आणि वास अख्ख्या अंगणात पसरतो. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण पहाटेपर्यंत फूल मान टाकते.

सकाळी सुकलेले फूल काढा, पण खोड कापू नका. त्याच्याच दुसऱ्या खाचांतून पुढच्या कळ्या येतात.