जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल प्रेशर का उतरले, ते कसे शोधावे

ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की ‘जाड ऑइल भरा’ किंवा ‘थेट इंजिन खोला’ असे दोनच सल्ले हमखास मिळतात, आणि दोन्ही मोजमापाच्या आधीच दिलेले असतात. ऑइल पंप प्रेशर निर्माण करत नाही. तो फक्त ऑइल पुढे ढकलतो आणि बेअरिंगच्या बारीक फटींतून वाट काढताना त्या ऑइलला जो अडथळा होतो, त्यामुळे प्रेशर तयार होते. म्हणूनच ऑइल कमी येते आहे की जास्त निसटते आहे, एवढेच शोधायचे असते. इंजिनातून ठोके ऐकू येत असतील, तर मात्र ते पुन्हा सुरू न करता थेट बेअरिंगच तपासावेत.

प्रथम डिपस्टिक पाहावी. न भरताच पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा फाटलेला डायफ्रॅम, गळका इंजेक्टर किंवा इंजेक्शन पंपाचे सील शोधावे. ऑइल दुधाळ असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. तसे काही नसल्यास पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे ऑइल आणि नवा फिल्टर घालावा.

त्यानंतर डॅशबोर्डवरील मीटरवर विश्वास न ठेवता ऑइल गॅलरीवरचा (इंजिनातील ऑइलच्या मुख्य वाहिनीवरचा) सेंडर, म्हणजे मीटरला प्रेशर कळवणारा भाग, काढून तेथे यांत्रिक गेज बसवावे. आटे जुळत नसतील तर जबरदस्ती करू नये.

खरी कसोटी आहे ती या गेजचे वाचन करण्यात. सुरुवातीला मलाही हाच टप्पा सर्वांत अवघड जात असे, कारण थंड इंजिनावर जवळजवळ प्रत्येक गेज समाधानकारक आकडा दाखवते. पाण्याच्या मानाने ऑइल सावकाश तापते. त्यामुळे तापमानाचा काटा जागेवर आला म्हणून लगेच वाचन घेऊ नये. ट्रॅक्टर किमान अर्धा तास भाराखाली चालवावा आणि मगच आयडलला (ॲक्सिलरेटर न देता, सर्वांत कमी वेगावर), मध्यम वेगावर व पूर्ण वेगावर अशी तीन वाचने लिहून ठेवावीत. एकट्या आकड्यापेक्षा काट्याची चाल अधिक बोलकी असते. थंड असताना प्रेशर चांगले, गरम आयडलला अगदी तळाशी आणि वेग वाढवताच पुन्हा वर, असे असेल तर बेअरिंग किंवा पंप झिजलेला आहे. या दोहोंतील फरक बाहेरून कळत नाही आणि तो कळतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आयडलला प्रेशर ठीक आहे, पण वेग वाढवूनही ते ठरावीक मर्यादेच्या खालीच अडते, असे दिसल्यास रिलीफ व्हॉल्व्हची (प्रेशर मर्यादेपलीकडे जाताच जादा ऑइल परत सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग दबून ढिली पडलेली असण्याची शक्यता मोठी. थंड आणि गरम दोन्ही वेळा प्रेशर कमी असून वेगाबरोबर फारसे हलत नसेल, तर व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा अडकलेला असू शकतो. पूर्ण वेगावर काटा थरथरू लागला किंवा उलट खाली आला, तर ऑइल ओढण्याच्या बाजूची जाळी तुंबली आहे किंवा तेथे हवा शिरते आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह बाहेरून हाती लागत असेल तर आधी तोच काढावा. त्यातील प्लंजर (सरकता दट्ट्या) बोटाने अडथळ्याविना सरकला पाहिजे, त्याच्या बैठकीवर ओरखडा नको आणि स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तिकेशी जुळली पाहिजे. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर ‘वाढवण्याची’ युक्ती निरर्थक आहे: गरम आयडलला हा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे वॉशरने केवळ वरची मर्यादा बदलते आणि जेथे प्रेशर हवे तेथे ते होते तेवढेच राहते. जाड ऑइलही काटा सावरते, पण थंड इंजिन सुरू होताना बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते.

व्हॉल्व्ह निर्दोष निघाला तरच चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत बिडाचे चेंबर हा सांगाड्याचाच भाग असतो आणि पुढच्या ॲक्सलचा भार त्यावर येतो. म्हणून ट्रॅक्टर भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) टेकवल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. जाळी धुवावी, ओढपाइपला तडा आहे का आणि त्याचे सील शाबूत आहे का ते पाहावे, पंपाच्या गिअरमधील फट फीलर गेजने मोजावी.

शेवटी बेअरिंग. प्रत्येक कॅपवर खूण करून एकेक कॅप काढावी. शेलचा, म्हणजे बेअरिंगच्या अर्धवर्तुळाकार पत्र्याचा, करडा थर जाऊन खालचे तांबे दिसत असेल, तर शेल संपले. मात्र फक्त शेल बदलून मोकळे होऊ नये. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन ठिकाणी आणि परस्परांशी काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. तो मर्यादेबाहेर अंडाकृती किंवा निमुळता झाला असेल, तर नव्या शेलनेही प्रेशर टिकत नाही. अशा वेळी क्रँक घासून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर अंडरसाइजचे (घासून तेवढ्या बारीक झालेल्या जर्नलसाठीचे) शेल बसवावे लागतात.

जोडणी करताना पंपात स्वच्छ ऑइल भरावे आणि इंधन बंद ठेवून, गेजचा काटा हलेपर्यंत, मध्ये मध्ये विश्रांती देत स्टार्टर फिरवावा. त्यानंतरच इंधन सोडावे.