पहिली क्रूझ: आधी रात्री मोजा, मग जहाज बघा

जाहिरातीतल्या ‘२ रात्री, ३ दिवस’चा हिशेब आधी मांडून बघा. पहिल्या दिवशी दुपारी चेक-इन आणि संध्याकाळी जहाज सुटतं. तिसऱ्या दिवशी नाश्ता झाला की केबिन रिकामी करायची, बहुतेक जहाजांवर आठ-नऊच्या आत. हाती उरतो मधला एकच दिवस, आणि त्या दिवशी जहाज बंदराला लागणार असेल तर त्यातलाही अर्धा किनाऱ्यावर जातो. आपली लिफ्ट कुठली, जेवायला कितव्या डेकवर जायचं, हे अंगवळणी पडायलाच एक दिवस लागतो. म्हणून पहिली फेरी तीन किंवा चार रात्रींची घ्यावी. दोन कमी पडतात. आणि समुद्र मानवतो की नाही हे माहीत नसताना सात रात्रींचे पैसे भरणं हा जुगार आहे.

महाराष्ट्रातून निघणाऱ्याला सोयीचे पर्याय दोन. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’, नाहीतर विमानाने सिंगापूर गाठून तिथली क्रूझ. एम्प्रेस १९९० सालची, सुमारे ४८ हजार ग्रॉस टनांची (हे वजन नाही, जहाजाच्या आतल्या जागेचं माप). आजच्या मानाने लहान आणि जुनी. सिंगापूरहून सुटणारं ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६चं, दीड लाख टनांचं. हा फरक नुसत्या थाटाचा नाही. जहाज जितकं मोठं तितकं ते कमी हलतं, पण केबिनपासून जेवणघरापर्यंतची पायपीटही तितकीच वाढते. गुडघे दुखणारी आई बरोबर असेल तर लहान जहाज तिला सोपं जाईल. शिवाय गोवा, कोची, लक्षद्वीपच्या फेरीला ना विमान, ना व्हिसा. मुलांना मात्र घसरगुंड्या आणि रोज नवा शो हवा असेल, तर सिंगापूरचा खर्च वसूल होतो.

महिना चुकला तर बाकी सगळं बरोबर निवडूनही उपयोग नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो; एम्प्रेसही आजवर पावसाळ्यात चेन्नईकडे हलवली गेली आहे. मुंबईहून जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सिंगापूर, मलेशियातली पोर्ट क्लांग आणि पेनांग, थायलंडमधलं फुकेत हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. पश्चिमेला सुमात्रा बेट आडवं असल्यामुळे मोठ्या लाटा तिथपर्यंत फारशा पोचत नाहीत. पहिलटकराला यापेक्षा शांत पाणी मिळणं कठीण. तेच जहाज डिसेंबर-जानेवारीत व्हिएतनामकडे जाणार असेल, तर ईशान्य मोसमी वाऱ्यात ते चांगलंच हलतं.

बंदराचं नाव वाचलं की ‘जहाज धक्क्याला लागतं की बोटीने उतरवतात?’ हे विचाराच. पेनांगला धक्का जॉर्जटाउन शहरातच आहे, उतरून चालत फिरता येतं. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर तासाभराच्या वर आहे. जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीत. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही, हलत्या लहान बोटीत पाय टाकून उतरावं लागतं. ज्यांना रिक्षात चढतानाही हाताचा आधार लागतो त्यांनी तो दिवस जहाजावरच काढावा.

आता केबिन. चूक इथेच जास्त होते. साधी आतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन साधारण १५० चौरस फुटांची, म्हणजे १२ बाय १२ची खोली. त्यातच बाथरूम आणि कपाट. ‘चारजणांची केबिन’ याचा अर्थ चार पलंग असा नाही. खाली दोन, आणि वरचे दोन रात्री भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचे, शिडीने चढायचे. लहान मुलांना गंमत वाटते, आजीआजोबांना नाही. त्यांच्यासाठी शेजारची दुसरी केबिन घ्या.

खिडकी नसलेली केबिन स्वस्त असते आणि झोपेला उत्तम, कारण काळोख पूर्ण असतो. पण सकाळ झाली हे कळत नाही. बंद खोलीत जीव घुसमटत असेल तर निदान खिडकीची घ्या. खिडकीची घेताना ‘समोर लाइफबोट येते का’ हे विचारा. बाल्कनीचे जादा पैसे चार रात्रींच्या फेरीत सार्थकी लागतात, दोन रात्रींत नाही. मळमळण्याचा त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन मागावी: फळीच्या झोक्यासारखं जहाज टोकांना जास्त वर-खाली होतं. डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो. आपल्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत ना, ते त्यात बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली नाचाचा क्लब असेल तर रात्री दोनपर्यंत ठेका. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते, पण नंबर कंपनी ठरवते. मग तक्रारीला जागा नाही.

भाव माणशी आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. एकट्याने जायचं तर बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. समजा जाहिरात माणशी ३० हजार म्हणते. त्यावर बंदर शुल्क, कर आणि ग्रॅच्युइटी म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ही टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते. चौघांच्या चार रात्रींचे २५६ ते ३२० डॉलर नुसते तिथेच गेले. दारू, थंड पेयं, वाय-फाय, खास रेस्टॉरंट आणि किनाऱ्यावरच्या सहली सहसा वेगळ्या. एजंटकडून ‘सगळं धरून चौघांचे किती’ हा एकच आकडा लेखी घ्या. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा आणि चढल्यावर जेवणघरात पुन्हा सांगा.

सिंगापूरहून जाताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, कारण जहाजाने बाहेर पडून तुम्ही पुन्हा सिंगापुरात येता. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्मही दोन्ही वेळा भरायचा. तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. विमान आदल्या दिवशीचं घ्या. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. गरोदर बाईंना २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

एक बारीक गोष्ट फुकेतची. जहाजाचं घड्याळ बहुधा सिंगापूरच्या वेळेवरच राहतं आणि फुकेत त्याच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर फोनला नेटवर्क मिळालं की तो आपोआप तिथली वेळ दाखवतो. जहाजाकडे परतायची शेवटची बोट पाचची असेल, फोनवर सव्वाचार वाजलेले दिसतात आणि माणूस निवांत शहाळं पीत बसतो. जहाजावर तेव्हा सव्वापाच झालेले असतात. उतरताना मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि तेच माना. भर समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा: जहाजाचं मोबाइल नेटवर्क वेगळं असतं, देशाच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरत नाहीत आणि बिल हजारांत येतं.

इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने काढून घेतात. चढताना दिलेली मोठी बॅग केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येते, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर फारशी लागू पडत नाही. जहाज सुटायच्या तासभर आधी घ्यावी लागते, झोप येते, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटच्या रात्री जहाजावरच्या आपल्या खर्चाच्या खात्याचा तपशील बघून घ्या. न घेतलेल्या ज्यूसची नोंद जहाजावर असतानाच काढून घेता येते. मोठ्या बॅगा त्या रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळचे कपडे आणि चपला बाजूला काढा, नाहीतर नाइटड्रेसवर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागेल.