नाईलच्या डेल्टातल्या टेकाडाचा सर्व्हे: फावडं घरी ठेवून

चांदर गावात इतिहासकार फादर हेरासनी १९२९ मध्ये खोदकाम केलं हे आमच्या गोव्यात हिस्ट्री घेतलेल्या पोरांना माहीत असतं, त्यामुळे पुरातत्त्व म्हणजे खोदणं असंच डोक्यात बसतं. पण सर्व्हे म्हणजे खड्डे न खणता जागा तपासणं. इजिप्तमध्ये सर्व्हेचं परमिट वेगळं, खोदायचं वेगळं, आणि सरकारी इन्स्पेक्टर सोबत असतोच.

आधी जुने नकाशे काढा. नेपोलियनच्या माणसांनी केलेले, आणि १९६०च्या दशकातले अमेरिकन 'कोरोना' उपग्रहाचे फोटो, जे १९९५ ला खुले झाले. कारण जुन्या वस्तीचं टेकाड आज दिसतं ते अर्धंच असतं. कच्च्या विटांची जुनी माती शेताला खत म्हणून चालते, तिला तिथे सेबाख म्हणतात, ती लोकांनी गाड्या भरभरून नेली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्री १८८४ मध्ये नॉक्राटिस या डेल्टातल्या जुन्या ग्रीक शहराच्या जागी पोचला तेव्हा मधला भाग आधीच उपसून नेलेला होता!

मग चाला. चौकोन आखून, प्रत्येक चौकोनातली खापरं मोजत, नक्षीवाली तेवढीच उचलायची असं करायचं नाही. भाजलेल्या लाल विटा दिसल्या तर बहुतेक रोमन काळ किंवा नंतरचा. वर गावाचं कब्रस्तान असेल (उंच जागा, पुराचं पाणी येत नाही, म्हणून बरेचदा असतंच) तर तिथे पाय ठेवू नका, आधी गावात विचारा.

मॅग्नेटोमीटर (जमिनीखालच्या भिंतींमुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजणारं यंत्र) धरणाऱ्याने बेल्ट, किल्ल्या, मोबाईल सगळं काढून ठेवायचं. डेल्टातल्या कंतीर गावाजवळ याच पद्धतीने पी-रामेसेस या रामेसेस राजाच्या राजधानीची घरं, रस्ते शेताखाली दिसले. आपल्याकडे चिऱ्यात (जांभ्या दगडात) लोखंड इतकं की असलं स्वच्छ चित्र मिळणं कठीणच.

पण मला विचाराल तर खरी मजा हाताच्या ऑगरमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या माती काढणाऱ्या गिरमिटात. दांडे जोडत भोक पाडत खाली जायचं, वर येणारी माती क्रमाने प्लास्टिकवर मांडायची, खोली, रंग, कोळसा, खापरीचे तुकडे लगेच लिहायचे, संध्याकाळी लिहू म्हटलं की संपलं. खाली जाता जाता खापरं थांबतात आणि निव्वळ गाळ लागतो, किंवा पिवळी वाळू. ती वाळू म्हणजे नदीने मागे ठेवलेला उंचवटा, त्यावरच पहिली वस्ती बसलेली असायची. अशी भोकं एका रेषेत घेतली की नदीचा जुना फाटा कुठून जायचा तेही कळतं.

प्रत्येक भोकाचं जीपीएस घ्या आणि निघताना ते बुजवा, शेत कुणाचं तरी आहे, म्हशीचा पाय अडकला तर उद्या कोण आत सोडेल?