केटामीन देऊन रॅटचा एमआरआय: स्किझोफ्रेनियाच्या औषधांची पहिली चाळणी

भूल चढणार नाही इतकं थोडं केटामीन दिलं की रॅटच्या सिंग्युलेट कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पससारख्या भागांत एमआरआयचा सिग्नल वाढतो. एनएमडीए रिसेप्टर (मेंदूपेशीवरचा ग्लुटामेट या रसायनाचा संदेश घेणारा भाग) अडवणारं हे औषध निरोगी माणसातही काही वेळ स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं आणतं. म्हणून नवं औषध आधी टोचून ही वाढ दबते का, ते बघायचं. ग्लुटामेटचेच दुसरे रिसेप्टर, एमग्लू२/३, चेतवणारी रसायनं ती दाबतात. तरी त्याच जातीचं पोमाग्लुमेटॅड माणसांवरच्या चाचण्यांत टिकलं नाही आणि २०१२ साली गुंडाळलं गेलं. तेव्हा ही चाळणीच, निकाल नव्हे.

कागदपत्रं आधी: प्राणी-नीती समितीची मंजुरी, आणि केटामीन शेड्यूल एक्समधलं (कडक नियंत्रणाच्या औषधांची सरकारी यादी), म्हणून कुलूपबंद कपाट नि वेगळं रजिस्टर. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून खोकी बेळगावात उतरली की सात दिवस जनावरं निवांत ठेवा.

२५० ते ३०० ग्रॅमचे नर घ्या, गटाला ८ ते १२. गट चार: सलाईन-सलाईन, सलाईन-केटामीन, औषध-केटामीन, औषध-सलाईन. खर्च वाचवायला शेवटचा गट गाळावासा वाटतो; गाळू नका. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियाचं जुनं औषध रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर अडवून रक्तदाब पाडतं, त्यानेही सिग्नल ढळतो, आणि आपण त्यालाच औषधाचा गुण समजून बसतो.

खरी गडबड होते ती भुलेत. ३ टक्के आयसोफ्लुरेनवर (हुंगवायची भूल) झोपवून डोकं इअर-बारमध्ये (कानात बसणाऱ्या दांड्या) पक्कं करा. मग मेडेटोमिडीन (अल्फा-२ रिसेप्टर चेतवून गुंगी आणणारं औषध) ०.०५ मिग्रॅ/किलो कातडीखाली, पुढे पंपाने तासाला ०.१ मिग्रॅ/किलो, आणि आयसोफ्लुरेन ०.५ टक्क्यावर उतरवा. आयसोफ्लुरेन २ टक्क्यांवर ठेवलं तर रक्तवाहिन्या आधीच पसरलेल्या असतात, केटामीनने वाढायला जागाच उरत नाही. तुमचं औषध अल्फा-२ अडवणारं असेल तर मात्र मेडेटोमिडीन नको: रॅट यंत्रातच जागा होतो. तिथे नुसतं आयसोफ्लुरेन, १ ते १.२ टक्के.

तापमान ३७ अंश, अर्ध्या अंशाच्या आत. जुलैत इथे बाहेर पावसाची झड आणि स्कॅनरच्या खोलीत एसी. वॉटर-बाथ ४० दाखवतो, पण लांब नळीतून गादीपर्यंत पाणी निवतं. आकडा गुदद्वारातल्या प्रोबचा धरा. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि अख्खा मेंदू एकदम उजळतो. ते केटामीन नव्हे. स्कॅनरला यूपीएस असतो, पंप नि वॉटर-बाथ मात्र भिंतीतल्या प्लगवर असतात. तेही यूपीएसवर घ्या.

५० मिग्रॅ/मिलीच्या केटामीनच्या एका भागात चार भाग सलाईन घाला, म्हणजे १० मिग्रॅ/मिली. ३०० ग्रॅमच्या रॅटला १० मिग्रॅ/किलोने ०.३ मिली. यंत्राबाहेरून केटामीन देणाऱ्या, ०.२८ मिमी पोकळीच्या दोन मीटर नळीत ०.१२ मिली मावतं; नळीत सलाईन भरून ठेवलं तर जनावराला ०.१८च मिळतं. नळी केटामीननेच भरा. औषधानंतर ३० मिनिटं थांबा, १० मिनिटं कोरा स्कॅन, केटामीन, पुढे ३० मिनिटं सलग.

छोट्या प्राण्यांचं ७ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) यंत्र हाताशी नसेल तर रुग्णालयातलं ३ टेस्ला, रॅटची कॉइल लावून, आयर्न ऑक्साइडसह (रक्तात टोचायचं कॉन्ट्रास्ट-द्रव्य) चालतं. मात्र तिथे मेंदू चेतला की सिग्नल घटतो; आलेखाची दिशा उलटी वाचा. एफडीजी-पेटचा (किरणोत्सर्गी साखर टोचून करायचा स्कॅन) विचार असेल तर त्यातल्या १८-फ्लोरीनचं अर्धायुष्य ११० मिनिटं: दोन तासांच्या रस्त्यात निम्म्याहून जास्त माल संपतो, मागणी त्या हिशेबाने नोंदवा.