बंद पडलेली चक्की सुरू करताना

लालबाग-परळकडच्या जुन्या चक्क्यांची कामं माझ्याकडे येतात. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "रंग कुठला मारायचा?" रंग मागाहून. चक्की म्हणजे दगड, बाकीचं सगळं त्याला फिरवायला.

1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली बरीच माणसं गावी गेली, डब्यांची रांग आखडली, पुढे पाकिटातलं पीठ आलं. तेव्हापासून बंद असलेल्या चक्कीत दगडांमध्ये जुनं पीठ आणि पोरकिडे निघणारच.

आधी मेन स्विच बंद, मग पट्टा उतरवा. दोन्ही दगडांच्या कडेवर मिळून खडूची उभी रेघ ओढा, बसवताना जागा चुकत नाही. वरचा दगड चेन-पुलीनेच उचलायचा. चार पोरं हाताशी आहेत म्हणून हाताने नको. दगडावरच्या खाचांचा फोटो काढून ठेवा. हल्लीचे कारागीर मनाला येईल तशा खाचा पाडतात.

दगड कोरड्या ब्रशनेच साफ करा. पाणी मारलंत तर मुंबईच्या हवेत तो लवकर वाळत नाही आणि आत अडकलेलं पीठ आंबतं.

आता खरं काम. सरळ फळीला गेरूचं पाणी पुसटसं लावून दगडावर फिरवा. लाल डाग उमटला तिथे उंचवटा. तेवढाच टाकीने, म्हणजे दगड टोचायच्या छिन्नीने, उतरवायचा. पुन्हा फळी, पुन्हा टाकी. दिवस मोडतो, मोडू दे. खाच तोंडाशी, म्हणजे मधल्या भोकाशी, खोल, कडेकडे उथळ. कडेचा पट्टा सपाट राहिला पाहिजे, बारीक पीठ तिथेच होतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या उडतात.

बेअरिंग नवीन घाला, वायरिंग वायरमनकडून. मोटर बदललीत तर पुलीचा हिशेब करा: 1440 फेऱ्यांच्या मोटरला 4 इंची आणि दगडाला 12 इंची पुली असेल, तर दगड मिनिटाला साधारण 480 फेरे घेतो. जुनी गती होती तेवढीच ठेवा, वाढवलीत तर पीठ करपतं.

पहिलं दळण हलक्या तांदळाचं. ते पीठ फेकायचं, त्यात कचकच असते. रिकामी चक्की दगड टेकवून कधीच फिरवू नका, टाकीचं ताजं काम वाया जातं. पीठ कोमट लागलं तर ठीक; चटका बसला तर दगडांमधलं अंतर ठरवणारं चाक सैल करून दगड थोडा लांब घ्या.

मसाला इथे नको, त्याला डंक, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, आहेत. आणि पावसाळ्यात सर्दावलेला गहू आला तर डबा परत पाठवा, दगड चोंदतो. गिऱ्हाईक भांडेल, भांडू दे.