मोठ्यांचा वर्ग गप्प का बसतो? या चुका टाळा

प्रौढांच्या वर्गात सर्रास विचारला जाणारा आणि सगळ्यात निरुपयोगी प्रश्न म्हणजे "समजलं का?" सगळ्यांच्या माना हलतात, शिक्षक पुढे सरकतो आणि सराव दिला की निम्मा वर्ग पहिल्याच पायरीवर अडकलेला सापडतो. घरी-ऑफिसात ज्यांचा सल्ला घेतला जातो, ती माणसं चारचौघांत "मला नाही कळलं" म्हणणार नाहीत. त्यांना कंटाळा आलाय असा अर्थ काढू नका. त्यांना अडाणी दिसायचं नसतं, एवढंच.

म्हणून, कळलंय की नाही हे उत्तरावरूनच दिसेल असा प्रश्न विचारा. टक्केवारी शिकवलीत? मग विचारा: १२० ला घेतलेली वस्तू १५० ला विकली, नफा किती टक्के? एक मिनिट द्या आणि प्रत्येकाला उत्तर कागदावर लिहायला लावा. नुसतं "विचार करा" म्हटलं की अर्धे लोक हुशार शेजाऱ्याची वाट बघतात. मग फळ्यावर २० आणि २५ लिहा आणि एकाच वेळी बोटांनी उत्तर दाखवायला सांगा: २० साठी एक बोट, २५ साठी दोन. २० म्हणणाऱ्यांनी नफ्याला खरेदीऐवजी विक्रीच्या किमतीने भागलेलं असतं. म्हणजे वर्ग नेमका कुठे घसरला तेही कळतं.

इथे लगेच "बरोबर उत्तर २५" असं सांगून टाकू नका. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगतात आणि पुन्हा मत घेतात. त्याहून कमी आली तर मुद्दा परत शिकवायचा, जास्त आली तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. चर्चेनंतर "तुमचं उत्तर काय?" असं न विचारता "तुमच्या जोडीत काय ठरलं?" असं विचारा. उत्तर दोघांचं झालं की चुकण्याची भीती निम्मी होते आणि कधीच न बोलणारेही बोलतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारे कमी झाले. मोठ्यांना याहूनही जास्त वेळ लागतो, कारण ते वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडतात. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. तेवढ्यात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू नका, नाहीतर ऐकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. नवे शिक्षक ही शांतता पाच सेकंदही सहन करत नाहीत आणि मग "वर्ग प्रतिसाद देत नाही" म्हणतात. वर्गाला प्रतिसाद द्यायला वेळ मिळालेलाच नसतो.

गट तिघांचे करा. सहा जणांत दोघं बोलतात, चौघं ऐकतात. सूचना खुर्च्या हलवण्याआधी द्या, आणि गटाने शेवटी काय दाखवायचं आहे तेही तेव्हाच सांगा.

सुरुवातीला एकमेकांची ओळख करून देणारे खेळ घेतले की वर्ग जागा होतो हा समज सोडा. विषयाशी संबंध नसलेल्या खेळात दिवसभर काम करून आलेल्या माणसाला स्वतःचा वेळ वाया गेलेला दिसतो. त्याऐवजी त्यांच्या कामातली एखादी अडचण विचारा आणि तासाचं उदाहरण तिच्यातूनच घ्या.

स्लाइड वाचून दाखवू नका. ती त्यांनाही वाचता येते.

शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाकडून नाव न घालता एक चिठ्ठी घ्या: आज काय अर्धवट कळलं? पुढचा तास त्यातल्या दोन-तीन चिठ्ठ्यांनी सुरू करा. चिठ्ठ्या घेऊन त्यावर काही बोललाच नाहीत, तर थोड्याच दिवसांत सगळ्या चिठ्ठ्यांवर "सगळं छान" एवढंच लिहून येईल.